राजभांडारांतील पोथी

देवगिरीच्या दरबारांत घडलेली म्हणून एक गोष्ट महानुभाव परंपरा सांगत आली आहे. नरेंद्र कवीनें आपलें 'रुक्मिणीस्वयंवर' रामदेवराव यादवाच्या सभेंत वाचून दाखविलें. राजा प्रसन्न झाला, पण त्या प्रसन्नतेंत लोभ शिरला. ओवीगणिक सोन्याचें नाणें घ्यावें आणि ग्रंथावर आपलें नांव घालूं द्यावें, असें त्यानें कवीस सुचविलें. तसें केल्यास सगळ्या कवींच्या कुळास कमीपणा येईल म्हणून नरेंद्रानें तें नाकारलें. राजानें पोथी ठेवून घेतली. मग नरेंद्र आणि त्याचे दोघे भाऊ यांनीं जेवढ्या ओव्या वांचवितां आल्या तेवढ्या वांचविल्या. ग्रंथ अठराशें ओव्यांचा होता. त्यांतल्या सुमारें नऊशें मागें राहिल्या असें परंपरा म्हणते, आणि आज छापून आपल्या हातीं असलेलें काव्य साधारण तेवढेंच आहे.

गोष्टींतला प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीस उतरेल कीं नाहीं हा प्रश्न निराळा. तिचें तात्पर्य मात्र निर्विवाद आहे. राजाच्या भांडारांत पोथीला कशाची वाण असणार? पहारेकरी असतील, पेट्या असतील, रेशमी रुमाल असतील. पण देवगिरी पडली, यादवांचें राज्य बुडालें, आणि ती भांडारांतली प्रत कोठें गेली हें कोणासहि सांगतां येत नाहीं. उलट ज्यांच्यापाशीं पहारा नव्हता आणि पेटीहि नव्हती, अशा तिघा भावांनीं जें वांचविलें त्याच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि सातशें वर्षांनीं तें आपल्यापर्यंत पोंचलें. कुलुपानें पोथी फार तर कांहीं काळ टिकते. जगते ती नकलेनें. आजच्या हस्तलिखितसंग्रहांविषयीं आणि त्यांनीं तयार करविलेल्या डिजिटल प्रतींविषयीं आम्हांस जें सांगावयाचें आहे, तें सगळें ह्या एका वाक्यांत आलें. पुढील मजकूर हा त्याचाच विस्तार होय. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा आणि आमच्या स्वतःच्या एका अपराधाचा ह्या विषयाशीं संबंध आहे, तोहि ओघानें येईल.

महानुभावांच्याच इतिहासांत ह्या नियमाची दुसरी साक्ष आहे. श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटानें त्या मोठ्या कष्टानें गोळा केल्या, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लीळाचरित्र' सिद्ध झालें. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. पुढें यादवसत्तेच्या पाडावाच्या धामधुमींत त्याची मूळ प्रत नाहींशी झाली, असें परंपरा सांगते. मग हिराइसेसारख्या ज्यांस ग्रंथ मुखोद्गत होता, त्यांच्या स्मरणांतून तो पुन्हां लिहून काढावा लागला. आज 'लीळाचरित्रा'चे निरनिराळे पाठ आढळतात त्याचें एक कारण हेंच. एका बाईच्या स्मरणशक्तीवर एका भाषेच्या गद्याचा आरंभ तोलून राहावा, ही गोष्ट अभिमानाची खरी; पण विचार केला तर अंगावर कांटा आणणारीहि आहे.

पुढें चौदाव्या शतकांत ग्रंथांच्या रक्षणासाठीं पंथानें एक निराळाच उपाय योजिला. ग्रंथ अनधिकारी माणसाच्या हातीं पडूं नयेत म्हणून ते सांकेतिक लिपींत लिहिण्याचा प्रघात पडला. त्यांतली सकळ लिपि मुख्य; ती रवळोबासानें रचिली असें मानतात. अक्षरांच्या जागीं दुसरीं अक्षरें वा चिन्हें योजावयाचीं, अशी तिची साधारण घडण. हिच्याशिवाय सुंदरी लिपि, अंकलिपि, शून्यलिपि अशा आणखीहि कांहीं होत्या. ज्याच्याजवळ किल्ली तोच वाचणार. परचक्राच्या आणि परमतद्वेषाच्या काळांत एका लहान पंथानें आपली ठेव अशी झांकून ठेविली, ह्यांत त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. शिवाय झांकलेली असली तरी ती ठेव एका जागीं नव्हती. मठोमठीं तिच्या नकला होत होत्या. विदर्भ-मराठवाड्यांतून निघून हा पंथ पंजाबांत 'जयकृष्णी' म्हणून रुजला, काबूलापर्यंत पोंचला, आणि त्याच्याबरोबर मराठी पोथ्याहि तिकडे गेल्या.

परंतु झांकून ठेवण्याची किंमत पंथास द्यावी लागली, आणि ती फार मोठी होती. ज्यांचे ग्रंथ वाचावयास मिळत नाहींत त्यांच्याविषयीं लोक कल्पनेनें लिहूं लागतात. महानुभावांविषयीं शतकानुशतकें नाहीं नाहीं त्या कंड्या पिकल्या. 'मानभाव' ह्या पंथाच्याच नांवापासून निघालेला 'मानभावी' हा शब्द वरून साळसूद आणि आंतून कपटी अशा अर्थानें आपण आजहि बेधडक वापरतों. कठोर संन्यास आणि अहिंसा पाळणाऱ्या लोकांवर एका भाषेनें केलेला हा अन्याय आहे. तो अन्याय ज्या दिवशीं त्यांचे ग्रंथ उघड झाले त्या दिवसापासून ओसरूं लागला. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे आणि वि. ल. भावे यांनीं सांकेतिक लिपीचा उलगडा अभ्यासकांपुढें ठेविला. पंथांतील कांहीं समंजस महंतांनींहि पोथ्या दाखविल्या. आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचें पहिलें प्रकरण नव्यानें लिहावें लागलें.

ह्या कार्याचें एक ठाणें यवतमाळास होतें. यशवंत खुशाल देशपांडे (१८८४–१९७०) हे व्यवसायानें वकील. कापसाच्या ह्या जिल्ह्यांत मोठें ग्रंथालय नव्हतें, विद्यापीठ नव्हतें. यवतमाळाहून बाहेर पडावयाचें म्हणजे दारव्ह्यावरून मूर्तिजापुरास जाणारी अरुंद रुळांची गाडी धरावयाची आणि दमादमानें पुढें जावयाचें. ती गाडीहि आतां बंद पडली आहे. अशा ठिकाणीं राहून ह्या गृहस्थांनीं 'शारदाश्रम' ही संशोधनसंस्था चालविली, महानुभावांच्या पोथ्या मिळविल्या, वाचल्या, आणि मिळालेलें छापून लोकांपुढें ठेविलें. १९२५ सालीं त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ निघाला. त्यांनीं 'ऋद्धिपूरवर्णन' संपादिलें. १९३५ सालीं महदंबेची ओळख करून देणारें 'आद्य मराठी कवयित्री' प्रसिद्ध केलें. मराठींतली पहिली कवयित्री कोण, ह्या प्रश्नाचें उत्तर शाळेंतल्या मुलींस आज ठाऊक असतें तें अशा उद्योगामुळें. पोथी मिळविणें आणि ती प्रसिद्ध करणें ह्या त्या पिढीच्या लेखीं एकाच कामाच्या दोन बाजू होत्या. छपाई महाग होती, कागद महाग होता, वर्गणीदार थोडे होते. तरी जें सांपडलें तें आपल्या कपाटांत राहूं नये, अशी त्यांची ओढ होती.

आतां आजची स्थिति पाहा. छपाईचा खर्च नको, वर्गणीदार नकोत. पोथीच्या एका पानाचें स्वच्छ छायाचित्र घेण्यास अर्धें मिनिट पुरतें, आणि तें इंटरनेटावर ठेविलें कीं उमरखेडच्या विद्यार्थ्यास आणि लंडनच्या पंडितास तें एकाच क्षणीं दिसतें. सरकारनेंहि हात आखडलेला नाहीं. २००३ सालीं राष्ट्रीय हस्तलिखित अभियान स्थापन झालें. २०२५ च्या अर्थसंकल्पांत 'ज्ञानभारतम्' नांवाची योजना जाहीर झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन हें तिचें उद्दिष्ट सांगितलें आहे. हें सर्व स्तुत्य आहे. पण नोंद करणें, जतन करणें आणि लोकांस दाखविणें ह्या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आमचा अनुभव असा कीं पहिल्या दोहोंपाशीं पुष्कळांची पाउलें थबकतात.

एक प्रसंग सांगतों. परजिल्ह्यांतल्या एका संग्रहांत एका पोथीचें शेवटचें पान आम्हांस पाहावयाचें होतें. नकल करणाराचें नांव, गांव व शक त्या पानावर असतो, तेवढाच टिपून घ्यावयाचा होता. तेथील गृहस्थ अतिशय सभ्य होते. ते म्हणाले, "सर, मूळ पोथी आतां काढतां येत नाहीं. पानें नाजूक झालीं आहेत, आणि सगळ्या पोथीची डिजिटल प्रत केली आहे ना!" आम्ही म्हणालों, "ठीक आहे, मग डिजिटल प्रतच दाखवा." त्यावर ते म्हणाले, "ती कशी दाखवणार सर? पोथी संस्थेच्या मालकीची आहे!" ह्या दोन उत्तरांच्या मधल्या फटींतून तो शक आजपर्यंत आमच्या हातीं लागलेला नाहीं. 'खर्चणाऱ्याचें खर्चतें आणि कोठावळ्याचें पोट दुखतें' ही म्हण आमच्या पूर्वजांनीं कोठारावरच्या अशाच एखाद्या माणसाकडे पाहून केली असावी. छायाचित्रें जनतेच्या पैशानें निघालीं, ग्रंथ सातशें वर्षांपूर्वीच्या साधूंनीं लिहिला, नकल करणारा कधींच मातीस मिळाला. आणि पोट दुखतें तें किल्ली सांभाळणाराचें. सकळ लिपीचा उलगडा होऊन शंभर वर्षें झालीं. आतां हें दुसरें कुलूप. पूर्वी पोथी हातीं येई पण वाचतां येत नसे. आतां वाचतां येते, पण ती हातीं येत नाहीं.

पण दुसऱ्याचीं कुलुपें मोजण्याआधीं आमचें स्वतःचें दाखविणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच जिल्ह्यांत, महागांव तालुक्यांतल्या एका खेड्यांत, एका शेतकरी कुटुंबाच्या घरीं आम्हांस एक जुनें महानुभावीय बाड पाहावयास मिळालें. घरांतल्या वृद्ध आजींनीं तें लांकडी पेटींतून काढलें, कपाळास लाविलें आणि आमच्यापुढें ठेविलें. हात धुवून घ्या, एवढेंच त्यांनीं सांगितलें. त्यांत स्तोत्रें होतीं, स्थळांचीं टिपणें होतीं, आणि मधलीं कांहीं पानें सांकेतिक लिपींत होतीं. आम्हीं आठ पानें टिपून आणिलीं. सगळीं कां नाहीं आणिलीं? वेळ होता, उजेड होता, बरोबरच्या विद्यार्थ्याच्या हातांत चांगला फोन होता. आजींनीं तर नको म्हटलें नव्हतेंच. खरें कारण असें कीं आम्हांस प्रथम त्या आठ पानांवर लेख लिहावयाचा होता. उरलेलें पुढें सवडीनें पाहूं, तोंवर ह्याचा बोभाटा नको, असें आमच्या मनानें घेतलें. त्या विद्यार्थ्यासहि आम्हीं तीं छायाचित्रें कोणास देऊं नको म्हणून बजावलें.

२२ जुलै २०२३ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांत अतिवृष्टि झाली. महागांव तालुक्यांत आनंदनगर येथें लोक पुरांत अडकले आणि हवाई दलाची मदत मागवावी लागली, हें वाचकांस स्मरत असेल. ज्या घरीं आम्ही गेलों होतों तें नाल्याच्या कांठीं होतें. माणसें सुखरूप राहिलीं, ही देवाची कृपा. पेटी मात्र रात्रभर पाण्यांत होती. पुढें आम्ही भेटावयास गेलों तेव्हां आजींनीं तें बाड पुन्हां बाहेर काढलें. पानें एकमेकांस चिकटून त्याची वीट झाली होती. कडेला जेथें पान सुटत होतें तेथें शाई पसरून निळसर काळा डाग तेवढा राहिला होता. आजींनीं विचारलें, "सर, तुमच्यापाशीं तर हाये ना फोटो?" आम्हीं होय म्हणालों. आठ आहेत, हें सांगावयास जीभ रेटेना. शेवटीं सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. वीट पुन्हां फडक्यांत गुंडाळून त्यांनीं पेटींत ठेविली.

त्या दिवसापासून रामदेवरावाच्या गोष्टीकडे आम्ही निराळ्या डोळ्यांनीं पाहतों. पोथीवर आपलें नांव लागावें म्हणून ती दाबून ठेवणारा राजा देवगिरीस एकच होऊन गेला असें नाहीं. विद्वानांच्या टेबलाच्या खणांतहि त्याचीं लहानलहान भांडारें आहेत.

कोणी म्हणेल, पोथी गेली तरी ग्रंथ छापलेला असला म्हणजे झालें. तसें होत नाहीं. संपादक कितीहि मोठा असो, तो आपल्या डोळ्यांनीं वाचतो आणि आपल्या मतानें निवडतो. राजवाड्यांनीं बीडजवळच्या पाटांगण येथें मिळालेल्या पोथीवरून १९०९ सालीं ज्ञानेश्वरी छापली, आणि तिच्या जुन्या भाषेवर मोठी इमारत उभारली. त्या पोथीच्या वयाविषयीं आणि पाठांविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला. पण वाद तोडावयास मूळ पोथीच आज उपलब्ध नाहीं. तिचें एक जरी छायाचित्र असतें तरी कितीतरी शाई वांचली असती. उलट उदाहरण महाभारताचें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें तें १९६६ सालीं पुरें झालें. त्यासाठीं १२५९ हस्तलिखितें विचारांत घेतलीं. कांहींचे पाठ तंजावर आणि शांतिनिकेतन येथें माणसें बसवून मेळवून आणविले. काश्मीरची पोथी मलबारच्या पोथीशेजारीं ठेविली तेव्हांच कोणता श्लोक मागून आला हें कळलें. पाठनिर्णय हा पोथ्यांच्या पंक्तीचा प्रश्न आहे. एकट्या पोथीस आपली साक्ष पुरी देतां येत नाहीं. त्या काळीं जी पंक्ति बसवावयास दोन पिढ्या लागल्या, ती आज सर्व संग्रहांनीं आपापलीं चित्रें उघडीं केलीं तर एका खोलींत बसून मांडतां येईल. चीनमधील दुन्ह्वांगच्या गुहेंत १९०० सालीं सांपडलेलें ग्रंथभांडार असेंच लंडन, पॅरिस, पेकिंग अशा ठिकाणीं पांगलें; १९९४ सालीं त्या त्या संग्रहांनीं एकत्र येऊन त्याचीं चित्रें एका ठिकाणीं मांडण्याचें काम आरंभिलें. महानुभावांच्या पोथ्या विदर्भ, मराठवाडा, पुणें, पंजाब अशा पांगल्या आहेत. त्यांची अशी एक पंक्ति कां बसूं नये?

ऐतिहासिक कागदांचीहि हीच कथा. पुण्याचें पेशवे दप्तर इंग्रजी अमदानींत अभ्यासकांस सहजीं उघडत नसे. पुढें गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले, आणि अठराव्या शतकाचा इतिहास उजळला. ते उपकार थोर आहेत. पण 'निवडक' ह्या शब्दांतच मर्यादा आहे. सरदेसायांस राजकारण हवें होतें. आजच्या अभ्यासकास धान्याचे भाव, वेठबिगार, दुष्काळ, बायकांचे तंटे हवे असतात. कोणत्या कागदाचें मोल उद्यां वाढेल हें आजच्या निवडणाऱ्यास कळत नाहीं. म्हणून सगळेंच दाखवावें हा एकच प्रामाणिक मार्ग.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप धर्मभावनेचा, आणि तोच सर्वांत आदरानें ऐकण्याजोगा आहे. १९७८ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें डॉ. वि. भि. कोलते यांनीं संपादिलेलें 'लीळाचरित्र' प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांतल्या कांहीं मजकुरावरून पंथीयांत तीव्र नाराजी उमटली. ज्यांच्या देवाची ती चरित्रकथा आहे त्यांचें मन दुखावणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. म्हणून मठांच्या आणि कुटुंबांच्या खासगी पोथ्या त्यांच्या संमतीवांचून कोणी उघड करूं नयेत, असें आम्हीहि म्हणतों. पण ज्या पोथ्या सार्वजनिक संस्थांत आधींच आल्या आहेत, त्यांच्याबाबतींत झांकाझांक हा उपाय उलटा लागतो. अमुक पाठ खरा कीं संपादकाचा, असा वाद निघाला म्हणजे पंथीयांसहि मूळ पान पाहण्याचा हक्क हवा. आणि चित्रें बंद ठेविलीं तर तो हक्क त्यांचाच बुडतो. शिवाय झांकलेल्या ग्रंथाविषयीं लोक काय पिकवितात हें 'मानभावी' ह्या एका शब्दानें पुरतें शिकविलें आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. पानामागें शुल्क घेऊन संस्थेस चार पैसे मिळतात, ते बंद होतील. आमच्या लहान संस्थांची हलाखी आम्ही जाणतों. कित्येकांस वीजबिल भरणें कठीण जातें. पण वर्षांतून येणाऱ्या दहा-पांच अभ्यासकांच्या शुल्कानें कोणतीहि संस्था तरलेली नाहीं. ती तरते देणग्यांनीं आणि अनुदानानें, आणि देणगी देणाऱ्यास संस्थेंत काय आहे हें आधीं दिसावें लागतें. छापण्यासाठीं मोठीं चित्रें मागणाऱ्या व्यापारी प्रकाशकाकडून खुशाल मोबदला घ्यावा. वाचणाऱ्याकडून घेऊं नये. तिसरा आक्षेप स्वामित्वाचा. कागद संस्थेचा आहे हें खरें, पण मजकूर तिचा नाहीं. आपल्या १९५७ च्या कायद्यानें ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याचा हक्क संपतो. म्हाइंभट आणि नरेंद्र यांस जाऊन सातशें वर्षें होत आलीं. चौथा आक्षेप आमच्यासारख्या संशोधकांचा: आम्हीं शोधलें, आम्हांस प्रथम लिहूं द्या. ह्यास वर्ष-दोन वर्षांची मुदत द्यावी, अधिक नको. मुदत नसली म्हणजे काय होतें हें वर सांगितलेंच आहे.

आणि एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रें काढून ती संस्थेच्या संगणकांत ठेविलीं म्हणजे पोथी अमर झाली, असें पुष्कळांस वाटतें. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर जमावानें हल्ला करून नासधूस केली, तेव्हां कागद किती असहाय असतो हें महाराष्ट्रानें पाहिलें. पण संगणकहि तितकाच असहाय आहे. ऑक्टोबर २०२३ मध्यें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी दरोडा पडला आणि तिच्या हस्तलिखितांचीं चित्रें कित्येक महिने जगास दिसेनाशीं झालीं. जेथें जगांतल्या अग्रगण्य ग्रंथालयाची ही गत, तेथें तालुक्याच्या गांवच्या एका कपाटांतल्या एका चकतीचा काय भरंवसा? ज्या चित्रांच्या प्रती आधींच चहूंकडे गेलेल्या असतात त्यांना असल्या दरोड्याचें भय उरत नाहीं. उघडें ठेवणें हेंच येथें रक्षण आहे.

मागणें फार नाहीं. सार्वजनिक संस्थांनीं आपल्या पोथ्यांची यादी प्रथम उघड करावी, कारण काय आहे हें कळल्यावांचून कोणी मागणार नाहीं. पोथीचें पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कोरीं पानें आणि समासांतल्या टिपा धरून, चित्र द्यावें. वाचण्यास व उतरून घेण्यास शुल्क किंवा अर्ज नसावा; पोथी कोणाकडून आली त्या घराचें वा मठाचें नांव, त्यांची इच्छा असेल तर, आदरानें लिहावें. आणि प्रत्येक चित्राच्या प्रती निदान तीन निराळ्या गांवीं असाव्यात. हें अशक्य नाहीं. राष्ट्रीय अभिलेखागारानें २०१५ सालीं 'अभिलेख पटल' सुरू करून आपले कागद इंटरनेटावर खुले करण्यास आरंभ केला. आपला मराठी विश्वकोश आज कोणासहि घरबसल्या मोफत वाचतां येतो. २०२३ सालीं रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ करण्याचा कायदा झाला, २०२४ सालीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या पोथ्यांच्या बळावर ही प्रतिष्ठा आली, त्या पाहावयास मराठी माणसास अर्ज करावा लागूं नये, एवढीच अपेक्षा.

जुन्या पोथ्यांच्या शेवटीं नकल करणारे पोथीच्याच तोंडीं एक विनवणी घालीत: तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नको. आमच्या संस्थांनीं ह्यांतली शेवटची विनवणी तेवढी लक्षांत ठेविली आहे, आणि सगळें जग मूर्ख ठरवून टाकिलें आहे. महानुभावांचे आचार्य नागदेव ह्या बाबतींत फार उदार होते. केशोबासास संस्कृतांत ग्रंथ करावयाचा होता. नागदेवांनीं त्याला आवरलें, कारण तसें झालें तर पंथांतल्या म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानास मुकतील. मराठी भाषेंत पहिलीं पुस्तकें लिहिलीं गेलीं तीं अशा विचारानें, कीं ज्यांस कोणी विचारीत नाहीं त्यांसहि तीं कळावींत.

आमच्यापाशीं राहिलेलीं तीं आठ पानें आम्हीं आजींच्या व त्यांच्या मुलांच्या संमतीनें खुलीं करून टाकिलीं आहेत. लेख लिहिलेला नाहीं. दोन महिन्यांनीं मराठवाड्यांतल्या एका सेवानिवृत्त शिक्षकांचें पत्र आलें. सांकेतिक लिपीचीं पानें ते अनेक वर्षें वाचीत आले आहेत. ज्या शब्दावर आम्ही आपल्या लेखाचा डोलारा उभारणार होतों, तो शब्द आम्हीं चुकीचा वाचला होता, असें त्यांनीं फार नम्रपणें कळविलें; आणि उरलेलीं पानें कोठें पाहावयास मिळतील, अशी विचारणा केली होती. पहिल्या गोष्टीबद्दल आम्हीं त्यांचे आभार मानिले. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर लिहावयास बसलों तेव्हां पेटींतली ती फडक्यांत गुंडाळलेली वीट डोळ्यांपुढें आली.